मास्तरांचं अनेकवचन

विंगेत मास्तर पालथे पडले होते. डोक्याशी पडद्याच्या दोराला वजनासाठी बांधायची वाळूची पिशवी, रक्तानं भिजलेली. मागचं दार सताड उघडं. त्यावर 'एक्झिट'चा लाल दिवा तेवढा जळत होता.

"जीव होता?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"होता," रंगभूषाकार म्हणाला. "चहा पिऊन परतलो, कण्हणं ऐकून धावत आलो. दाराकडे हात करून एकच शब्द बोलले. 'एजंट.' मग संपलंच."

नाटक मंडळीला एवढं पुरलं. मास्तर इथले प्रॉम्प्टर. जावई विमा एजंट. लग्नाला विरोध होता, तेव्हापासून सासरेबुवांनी त्याला जावई कधी म्हटलंच नाही, तोंडावरही 'एजंट'च. दुपारी तो इथे येऊन त्यांच्याशी कडाकडा भांडून गेला होता. हवालदारांनी त्याला घरातून उचललं.

"बाई, बाप गेला," मास्तरांची लेक म्हणाली. "आता नवराही नेता?"

बाई मागच्या दाराकडे वळल्या. त्यांनी दार लावून पाहिलं. ते हलेना.

"लावताना काय, उघडताना काय, एकट्याला ऐकत नाही ते," रंगभूषाकार म्हणाला. "एकानं दार उचलून धरायचं, तेव्हा दुसऱ्याला अडसर सरकवता येतो. चहाला जाण्याआधी मी न् मास्तरांनी मिळूनच लावलं होतं."

"आणि जावई?"

"तो त्याआधीच गेला. पुढच्या दारानं, एकटा. पण परत आला असेल तर काय सांगावं?"

नाटक कंपनीचे मालक आणि नायक ऑफिसात बसले होते.

"चहाला नाही गेलात?"

"बाकी सगळे गेले. आम्ही दोघं इथेच संवाद घोकत होतो," मालक म्हणाले.

"क्षणभरही वेगळे झाला नाहीत?"

"क्षणभरही नाही," नायक घाईनं म्हणाला.

"नायिका गेल्या आठवड्यात रंगमंचाच्या जमिनीतल्या झडपेतून पडून मेली. उद्या मास्तर चौकशीत जबाब देणार होते ना?"

"म्हाताऱ्याला काय दिसणार होतं?" मालक हसले. नायक हसला नाही.

बाई विंगेत परतल्या. लेक लाल दिव्याकडे बघत उभी होती.

"बाबांना हा दिवा खुपायचा. शाळेत लॅटिन शिकवायचे ना! म्हणायचे, 'एक्झिट' म्हणजे 'तो जातो'. अख्खं वाक्य आहे ते, आणि एकवचनी. तालमीत दोघं एकदम निघाले की 'एक्झिअंट!' म्हणून ओरडायचे. 'ते जातात.' सगळे नक्कल करायचे त्यांची."

बाई गर्रकन वळल्या. "सगळ्यांना रंगमंचावर बोलवा. जावयालाही आणा."

सगळे जमले. दिवे निम्मेच लागले होते.

"मरणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द पुरता निघाला नाही," बाई म्हणाल्या. "'एक्झिअंट'मधलं निम्मं आतच राहिलं आणि 'एजंट' ऐकू आलं. मास्तर दाराकडे हात करून सांगत होते: 'ते' गेले. एक नव्हे. आणि हे दार एकट्यानं उघडत नाही. जावई एकटा होता, मंडळी टपरीवर होती. उरलं कोण? नायिका कंपनी सोडणार होती. म्हणून कुणीतरी झडपेची खीळ काढली, आणि ते करताना मास्तरांनी त्याला पाहिलं."

"थोतांड!" मालक ओरडले. "आम्ही दोघं सबंध वेळ एकत्र होतो!"

"तेच तर मास्तरही सांगून गेले."

नायक मालकांपासून बाजूला सरकला. "खीळ मी काढली," तो पुटपुटला. "पिशवी ह्यांनी मारली. दार... दोघांनी. बाहेरच्यानं केलं असं वाटावं म्हणून; मग वळसा घालून पुढून ऑफिसात आलो."

हवालदार दोघांना घेऊन लाल दिव्याखालून बाहेर पडले. लेक नवऱ्याजवळ गेली. त्याची मान अजून खालीच होती.

"ऐकलंत ना?" ती हळूच म्हणाली. "शेवटी तरी बाबांनी तुम्हाला एजंट म्हटलं नाही."