न लागलेली शपथ

बहात्तरच्या दुष्काळात धारूरच्या डोंगराखाली पाणीपुरवठा सोसायटीची विहीर खणली जात होती. साठ फूट गेली तरी तळ कोरडाच, कुत्र्याच्या जिभेइतकीही ओल नाही. सोसायटीचा चेअरमन आप्पाराव. देव न मानणारा. नारळ फोडावा तर खोबऱ्यासाठी, असं चारचौघांत सांगायचा.

चैतात एक सुरुंग उडालाच नाही. तो बघायला आप्पारावानं विहिरीवरच्या आश्रुबा मजुराला लगेच खाली पाठवलं, अन् मग सुरुंग उडाला. जे सापडलं ते धोतराच्या फडक्यात बांधून जाळलं.

आश्रुबाची बायको मनकर्णा तेव्हा भाकर घेऊन काठावरच होती. हुकूम तिनं आपल्या कानांनी ऐकलेला, गावाला तसं सांगितलंही. पण गावानं खंडोबापुढं आप्पारावाच्या हातात बेलभंडार दिला, तर विड्याचं पान उचलावं तसा त्यानं उचलला.

"आश्रुबा आपल्या मनानं उतरला," म्हणाला.

बेलभंडार उचलून कोण खोटं बोलतं? गाव घरी गेलं. मनकर्णा लबाड ठरली.

गुरव म्हणाला, "देव बघून घेईल, बाई."

"काय डोंबलाचं बघतोय! त्याच्या लेखी ती हळद अन् पाला. शपथ लागायला आधी देव मानावा लागतो. मानंल एक दिवस. मी बसलेच हाय."

अन् खरंच बसली. रोज, विहिरीच्या काठावर, उन्हातान्हाची.

वैशाखात नवंच सुरू झालं. भर दुपारी माणसं जेवायला वर आली की तळातून पहारीचा आवाज यायचा. ठण्. जरा थांबून, ठण्. मजूर खाली उतरेनात. दोर सांभाळणारा सुग्रीव म्हणाला, "चेअरमन, खाली कुनीतरी हाय."

"तुजा आजा हाय बे!" आप्पाराव हसला. कमरेला दोर बांधला. "थांबा, दावतो तुमाला भूत."

तो तळाला पोचला अन् एका अंगाची दरड बसली. धुरळा निवला तेव्हा आप्पाराव छातीपर्यंत मुरमात.

काठावर कुणीतरी पुटपुटलं, "मरनाच्या दारात समद्यांलाच देव आठवतो."

मनकर्णा काठावर पालथी पडली. "आप्पाराव, देवाचं नाव घ्या!"

लोकांना वाटलं, केवढं मन बाईचं!

"दोर वढायला सांगा, मनकर्णाबाई. देवाला कावून तरास?" खालून आवाज आला. घट्ट, जागच्या जागी.

दोर ओढला. माणूस हलला नाही.

ठण्.

सगळ्यांनी ऐकलं. आवाज आप्पारावाच्याही खालून आला होता.

मग आप्पाराव बोलला, पण आवाज त्याचा वाटेना.

"सुग्रीवा... माजा पाय धरलाय रे कुनीतरी."

"घ्या नाव," मनकर्णा म्हणाली. रुसल्या लेकराला घास भरवावा तशी.

ठण्.

"घ्या की!"

"खंडोबाराया! धाव रे बाबा, धाव!"

पहार थांबली.

मुरूम आपोआप सैल झाला. सहा गडी दोराला भिडले. पहिलाच हिसका दिला अन् सुग्रीवाचं तोंड पांढरं पडलं.

"मनकर्णा आक्का... वजन दोघांचं लागतंय."

मनकर्णा उठली. लुगड्यावरची धूळ झटकली.

"वढा," म्हणाली, अन् घरधनी दारात आला की घ्यायची तसा लगबगीनं डोईवर पदर घेतला.