दुधातला चुना

शहराला पहिला नळ मिळाला तो डॉक्टरांमुळे. दवाखाना त्यांनीच काढला, आणि मुलींची शाळा त्यांच्या पत्नीनं दारोदार फिरून उभी केली. दोघांचं दुमजली दगडी घर त्यांच्या नातीनं नगरपालिकेला देऊन टाकलं. तिथं संग्रहालय करायचं ठरलं, आणि डागडुजीचं काम ज्या आर्किटेक्टला मिळालं ती हरखून गेली. तिची पणजी लहानपणी मोठ्या साथीतून वाचली ती याच डॉक्टरांच्या कृपेनं, असं घरात सगळे सांगत.

काम सुरळीत चाललं होतं. अडलं ते मागच्या बाजूच्या एका खोलीपाशी. खिडकी नाही, दार जाडजूड, आणि आत पाऊल टाकलं की नासलेल्या दुधाचा वास. उंदीर मेला असेल म्हणून गवंड्यानं फरशी उचकटून पाहिली. खाली काही नव्हतं. वास भिंतीला होता.

एका दुपारी गवंड्यानं तिला आत बोलावलं आणि बॅटरीचा झोत भिंतीवर खाली धरला.

"ताई, इथं मी कालच गिलावा केला होता."

गुडघ्याच्या उंचीवर, ओळीनं, भिंतीला खळगे पडले होते. वाटीएवढे. आतून गुळगुळीत, आणि ओले.

"ओल आली असेल," ती म्हणाली.

"ओल अशी येते?"

तिनं एका खळग्यात बोट घातलं. आत कोमट लागलं. बोट बाहेर काढलं तशी त्याच्याबरोबर एक चिकट तार लांबत आली आणि तुटून तिच्या मनगटावर पडली. सवयीनं तिनं बोट नाकाशी नेलं. कित्येक दिवस चूळ न भरलेल्या आजारी माणसाच्या तोंडाचा वास. बोट तिनं ओढणीला पुसलं, आणि मग ती ओढणीच तिला अंगावर सहन होईना.

"बाकीचं घर मी करून देतो," गवंडी हलकेच म्हणाला. "ही खोली तेवढी नको..."

डॉक्टरांची नात पलीकडच्याच गल्लीत राहायची; आर्किटेक्ट तिच्याकडे गेली. वय झालेलं, पण बोलणं स्वच्छ. तिनं चहा पुढे केला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चुन्यात दूध घातलं होतंत का?"

"दूध?"

"माझी आजी घालायची. दरवर्षी ती खोली स्वतःच्या हातानं रंगवायची. तिच्यामागं आईनं केलं, मग मी. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून तर घर दिलं."

"बाई, त्या खोलीत झालं काय होतं?"

म्हातारीनं बशीत चहा ओतला. "साथीत जे वाचणार नाहीत असं वाटलं, त्यांना आजोबांनी तिथं ठेवलं. रोग शहरभर पसरू नये म्हणून. चार मोठ्या माणसांनीच तसं ठरवलं होतं. बाहेरून कडी घातली, आणि मग ती काढायला कुणी धजेना."

"आणि पाणी...?"

"नळ मागच्या अंगणातच होता. त्याची धार आत ऐकू जायची म्हणे. नळामुळे भिंतीला ओल यायची, तेवढीच. दार उघडलं तेव्हा सगळ्यांची तोंडं चुन्यानं पांढरी होती. लहान मुलांचीसुद्धा."

आर्किटेक्टच्या हातातल्या चहावर साय धरली होती. तिला तिकडे बघवेना. "म्हणून आजी रंग द्यायच्या. झाकायला."

"झाकायला कशाला गं? भरवायला."

घरी जाताना तिच्या डोक्यात पणजी होती. ती कडी लागली म्हणून पणजी जगली, पणजी जगली म्हणून आपण आहोत. तिला स्वतःचीच शिसारी आली. पण उद्घाटन तोंडावर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सुतार बोलावला, भिंतीला खालपासून वरपर्यंत लाकडी फळ्या ठोकून घेतल्या, त्यांवर जाड पॉलिश चढवलं. वास गेला. चाटायला आता काही उरलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार तिनं झटकून टाकला.

उद्घाटनाच्या दुपारी त्याच खोलीत दाटीवाटीनं माणसं उभी होती. नगराध्यक्ष डॉक्टरांच्या सेवाभावावर बोलत होते. एक हात पाठीमागं, दुसरा खाली सोडलेला. बोलता बोलता ते अडखळले. खालचा हात झटकन वर घेऊन त्यांनी रुमालानं पुसला, रुमालाकडे पाहिलं, आणि पुढं बोलू लागले. मग पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकेनं तळवा पदराला पुसला. मग तिच्या शेजारच्यानं.

जो तो पुढंच बघत राहिला. अशा कार्यक्रमात काय बोलणार?

आर्किटेक्ट मागं दाराशी होती. तिच्या लोंबत्या हाताला काहीतरी लागलं. गरम, खरखरीत, ओलं. बोटांच्या बेचक्यांतून, तळव्याच्या मधोमध, मुळीच घाई न करता ते फिरलं. हात ओढून घ्यायचं तिला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा टाळ्या पडत होत्या.

ती धावतच अंगणात आली, नळाखाली साबण लावून हात घासला, पुन्हा पुन्हा घासला, आणि बोटांची टोकं गुळगुळीत लागली तशी न बघता मूठ घट्ट मिटून घेतली.

शेजारी नगराध्यक्ष फोन घेऊन उभे होते. तो उघडायला पडद्यावर अंगठा दाबत होते, रुमालानं पुसत होते, पुन्हा दाबत होते.

"काय झालंय याला," ते हसून तिला म्हणाले, "माझा अंगठाच ओळखत नाहीये."