रिकाम्या इमारतीतला होकार

तुम्ही खोटं लिहिलंत. खाली गावातल्या गारेगार ऑफिसात बसून, आमच्या नृत्यशाळेची पायरीही न चढता कागदावर ठोकून दिलंत — 'इमारत रिकामी. पाडण्यास हरकत नाही.'

त्या दुपारी धुकं ओहियाच्या झाडांवरल्या लाल फुलांपर्यंत उतरलं होतं. हवेत ज्वालामुखीच्या गंधकाचा वास. हौनानी आपल्या गुरूचा, मापुआना आंटीचा भोपळ्याचा ढोल न्यायला आली होती. आंटीला जाऊन तीन महिने झाले होते. तरी पायरीवर तिनं सवयीनं चपला काढल्या आणि साद गायली... आत येऊ का? आतून गाऊन होकार आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली रीत. होकार आंटी द्यायची.

आणि आतून होकार आला. आंटीसारखाच घोगरा, शेवटचा सूर लांबवलेला.

 हौनानीनं दार ढकललं. आत एक तरुण उभा होता, हातात मोजपट्टी, चेहरा पांढराफटक.

"दुसरी बाई कुठंय?" त्यानं विचारलं.

"कोण दुसरी?"

"आत्ता गायली ती... माझ्या पाठीमागून."

पाठीमागे नुसती भिंत होती. खुंटीवरचा ढोल हलकेच झुलत होता. वारा नव्हता.

"बूट घालून आलास? तेही न विचारता?"

"विचारणार कोणाला? कागदावर रिकामी आहे. मी माकोआ, खालच्या ऑफिसातून आलोय. मापं घेऊन सही करायची, की हे पाडणार."

"आधी बूट काढ. चिडली की ती बाहेर उभं करायची."

"मेल्यावरही?"

"ऐकलंस ना तू? मग मला काय विचारतोस?"

त्यानं मुकाट्यानं बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"बघू नकोस."

"मापं घेतेय," ती म्हणाली. "अंगठा, एक."

तो हसला — घाबरलेला असूनही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. "खोली कालच्यापेक्षा वीतभर लांब भरतेय," तो कुजबुजला.

"थापा. तुला यायचं असतं."

"तेही आहे..." त्यानं पट्टी तिच्या हातात दिली. "पण तू मोजून बघ."

तिनं मोजली. वीतभर लांब.

सातव्या दिवशी हौनानी आत फरशी पुसत होती. धुक्यातून साद आली — बेसूर, अडखळती, तिनंच त्याला शिकवलेली. पायरीवर माकोआ, अनवाणी.

"सही नाही केली मी," तो बाहेरूनच म्हणाला. "नोकरीवरून काढलं. आता आत येऊ का?"

तिनं तोंड उघडण्याआधीच भिंतीकडून तो घोगरा होकार आला.

माकोआ जागचा हलला नाही. "आंटीचा मिळाला," तो म्हणाला. "मला तुझा हवाय, हौनानी."

 ती गायली, शेवटचा सूर लांबवत. तो आत आला, तिनं त्याचा गार हात धरला. खुंटीवरचा ढोल थांबला.

सोमवारी, त्याच्या सहीशिवायच, तुमची यंत्रं येणार आहेत म्हणे. या. ते दोघं आतच असतील. पायरीवर बूट काढा, साद घाला आणि थांबा. पण त्याआधी मला एवढंच सांगा — इमारत रिकामी होती, तर पहिल्या दिवशी आतून होकार कोणी दिला?