या हं घरी, नक्की!

बसा असे जवळ. आणि तो गॅलरीतला दिवा राहू दे बंद, किडे येतात. भुताची गोष्ट हवी ना? मग ऐका. ही मला खुद्द नंदकिशोरनं सांगितली, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, भरदुपारी. भरदुपारी असलं काही सांगणारा माणूस थापा मारत नसतो, असं आपलं माझं मत आहे.

साल त्र्याऐंशी. सव्वीस नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी साडेसातला नंदकिशोर कोथिंबीर आणायला खाली उतरला. तेव्हाची वाशी म्हणजे काय रे, चार इमारती, मध्ये ओसाड प्लॉट आणि पलीकडे खाडी. दिवेलागणीनंतर रस्त्यावर माणसांपेक्षा कोल्हे जास्त. "लिंबंही आणा हो," असं त्याच्या बायकोनं, अरुणानं, वरून ओरडून सांगितलं होतं.

दोघांना फिरायचं भारी वेड. मूलबाळ नव्हतं. दरवर्षी दिवाळीत बॅगा भरायच्या आणि समुद्र गाठायचा. दमण झालं, दीव झालं, कोचीन झालं, रामेश्वर झालं. त्या दिवाळीत मंगळूरला गेले आणि तिथून पुढे एका बेटावर. बेटाचं नाव मी सांगणार नाही. तुमचा काय नेम, उद्या जाल.

बेटावर जाणाऱ्या लाँचमध्ये त्यांना एक जोडपं भेटलं. श्यामसुंदर आणि जयमाला. परमुलखात मराठी कानावर पडलं की आपल्या माणसाला आनंदाच्या उकळ्या फुटतात. अरुणा तर दिवसभर जयमालाला सोडेना. निघताना कागदावर पत्ता लिहून दिला, सेक्टर, इमारत, मजला, सगळं. वर आणखी, "नवा फ्लॅट घेतलाय आम्ही. या हं घरी, नक्की!" म्हणायला काय जातं? हसू नकोस सदू, तूही म्हणतोस रोज कुणाला ना कुणाला.

"तुम्ही व्हा पुढे," श्यामसुंदर म्हणाला. "आम्ही मागून येतो."

मागून दुसरी लाँच नव्हतीच. धक्क्यावर उतरल्यावर, अरुणा शहाळं घेत होती तेवढ्यात, नंदकिशोरनं लाँच चालवणाऱ्या तांडेलाला विचारलं. तांडेल त्याच्याकडे बघतच राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, साहेब, आज बेटावर तुम्ही दोघंच होतात. मग आवाज खाली आणून त्यानं दोन वर्षांपूर्वी तिथं बुडालेल्या एका जोडप्याचं सांगितलं. मराठीच होतं. प्रेतं सापडली नव्हती.

हे नंदकिशोरनं अरुणाला सांगितलं नाही. घाबरेल म्हणून. तिथंच चुकलं बघा त्याचं.

तर कोथिंबीर. आधी पानाच्या टपरीवर अर्धा तास घालवून मग तो भाजीकडे वळला. कोपऱ्यावर नामाची हातगाडी असायची. नामा खाडीकाठच्या गावातला. जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "सायेब, लवकर जावा. पावने आलेत तुमच्याकरं."

"कोण पाहुणे?"

"नवराबायको. मगाशीच गेले वर. पत्त्याचा कागद दावला मला, वलाचिंब कागद. आन् खाडीच्या बाजूनं चालत आले वो! तिथं रस्ता कुठं हाय?"

नंदकिशोर पिशवी तिथंच टाकून पळाला. तीन मजले. दार उघडं.

"अहो, बघा तरी कोण आलंय!" अरुणाचा चेहरा नुसता फुलला होता.

कोचावर दोघं बसली होती. समोर चहा. कप भरलेले, तसेच.

श्यामसुंदर नुसता हसला. जयमाला म्हणाली, "घर छान आहे हो तुमचं. आता तुम्ही यायचं आमच्याकडे."

अरुणाला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. तिनं तोंड उघडलं... आणि नंदकिशोर ओरडला, "नाही! आम्ही येणार नाही!"

पंखा फिरत होता.

दोघं उठली. बाहेर पडली. जिन्यात पावलं... वाजली नाहीत.

अरुणा रडकुंडीला आली. "असं बोलतात का हो पाहुण्यांना? आणि आता नाही म्हणून काय उपयोग? तुम्ही यायच्या आधीच मी हो म्हटलंय त्यांना."

"कधी जायचं म्हणालीस?"

"मंगळवारी. रात्री न्यायला येतो म्हणाले."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. ती नुसती त्याला बिलगून बसली. हे सांगताना त्यानं समोरचा चहाचा कप बाजूला सारला. "तिच्याशिवाय मला आहे कोण?" म्हणाला.

मंगळवार. एकोणतीस तारीख. त्यानं दाराला आतून कुलूप घातलं. खिडक्यांना कड्या लावल्या. दिवे मालवले. एका मुठीत किल्ली, दुसऱ्या मुठीत अरुणाचं मनगट. दोघं भिंतीला टेकून बसली. दहा वाजले. अकरा. बारा वाजून दहा मिनिटं...

टकटक.

तो हलला नाही.

"अरुणाताई... निघायचं ना?" जयमालाचा आवाज.

त्यानं मनगट आणखी घट्ट धरलं.

पुन्हा आवाज नाही. काही नाही...

डोळ्याला डोळा लागला नाही, असं तो शपथेवर सांगतो. पहाटे पाचला जिन्यात दुधाच्या बाटल्या खणखणल्या. कुलूप तसंच होतं. किल्ली मुठीत होती. मनगट हातात होतं, आणि ते ऊबदार होतं. वाचली, असं वाटून त्याला रडू आलं. त्यानं दिवा लावला.

अरुणा गाढ झोपली होती. कपाळावर ओलं हळदकुंकू. आणि पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीची भरतात तशी तिची ओटी भरलेली होती. खण, नारळ, तांदूळ.

तांदूळ ओले होते. नंदकिशोरनं त्यातला एक दाणा उचलून जिभेवर ठेवला.

खारट.