डावीकडे जाणारे बाण

"पुन्हा डावीकडे!" दुर्बिणीला डोळा लावलेला मार्लीचा मित्र रोवन ओरडला. "मार्ली, तिन्ही बाण बाहेरच्या निळ्या वर्तुळात!"

मार्लीला रडू फुटायचंच बाकी होतं. इस्टरच्या सुटीतल्या या एका स्पर्धेवर टास्मानियाच्या अपंग तिरंदाजांचा किशोर संघ ठरणार होता आणि या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

"हात कापतोय तुझा!" क्लबचे चिटणीस नेव्हिल शेगडीवर सॉसेज परतत लांबूनच म्हणाले. "नाहीतर वारा असेल."

"वारा?" तिची मैत्रीण आयला फिस्सकन हसली. "त्या झेंड्याला डुलकी लागलीय, नेव्हिल!"

"धनुष्यावरची नेम धरायची साइट सरकवली तरी तेच!" मार्ली कुरकुरली. "माझंच काहीतरी चुकतंय."

बाण मारून झाले की बाकीचे खेळाडू रेषेवरून मागे यायचे. चाकांच्या खुर्चीवरच्यांना मात्र तिथेच थांबायची मुभा. मार्लीचे बाण रोवन उपटून आणायचा. त्यामुळे तिची खुर्ची सकाळपासून जागची हलली नव्हती. आयलाला काय वाटलं कोण जाणे, ती ओल्या गवतावर सरळ पालथीच पडली.

"अगं, डावं चाक रुतत चाललंय! तू कलली आहेस!"

मार्ली चमकली. कमरेखाली जाणीव नसल्यामुळे तिला ते कळलंच नव्हतं. खुर्ची तिरकी म्हणजे धनुष्य तिरकं!

"आणि चाकं रुतू नयेत म्हणून खाली ठेवतो ती फळी कुठाय?" रोवनने विचारलं.

दोघं मैदानभर धावली. फळी सापडली ती शेगडीच्या पायाखाली!

"अरे, शेगडी एका बाजूला झुकत होती," नेव्हिल ओशाळून म्हणाले. "सगळी चरबी एकीकडे वाहायची."

फळी खुर्चीखाली आली. मार्लीचे शेवटचे तीन बाण थेट मधल्या सोनेरी वर्तुळात घुसले! पण आधीचे गुण बदलत नाहीत. संघातली जागा थोडक्यात हुकली.

"काय तल्लख पोरं आहेत!" नेव्हिलनी आयलाची पाठ थोपटली. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. "घ्या, गरमागरम सॉसेज घ्या. मार्ली, तूसुद्धा!"

मार्लीने सॉसेजला हात लावला नाही. ती स्पष्ट बोलली.

"सॉसेज नीट भाजावेत म्हणून तुम्ही खाली वाकून बघितलंत, नेव्हिल. माझे बाण सकाळपासून चुकत होते, तेव्हा का नाही वाकलात?"

टाळ्या थांबल्या. नेव्हिलनी पुढे केलेलं सॉसेज परत शेगडीवर ठेवलं.