पांढरं पाकीट, निळं पाकीट

डॉक्टर श्रीरंगने पहिल्याच दिवशी चुकीचं पाकीट उचललं आणि रंजनाने ते त्याच्या हातातून चक्क ओढून घेतलं.

"तुमचं निळं, एमआरआयचं. पांढरं सोनोग्राफीचं, त्याला हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?"

"मोठ्या सरांना सांगेन."

पुण्याहून आलेल्या डॉक्टरला असं सुनावणारी ही मुलगी सुरतेतल्या उधन्यात, कापडाच्या लूम्सच्या खडखडाटात वाढलेली. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात सुरतच्या त्या तपासणी केंद्रात एक तुलना चालू होती. पित्तनलिकेतला खडा जास्त अचूक कोण पकडतं, सोनोग्राफी की नवं एमआरआय मशीन? प्रत्येक पेशंटच्या दोन्ही तपासण्या व्हायच्या, दोन वेगळे डॉक्टर त्या वाचायचे. एकाचं मत दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, एवढ्यासाठीच रंजनाला नोकरीवर ठेवलेलं. दोघांपैकी कुणालाही खडा दिसला, की घशातून दुर्बिणीची नळी घालून तो काढायचा.

"आजचं पांढरं काय म्हणतं? नुसती मान हलव," श्रीरंग रोज विचारायचा.

"मान आखडलीय."

मग तो तापीकाठचा कोवळा पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, घेऊन येऊ लागला, वर लिंबू पिळलेला. एकाच कागदातून खाताना बोटं लागायची... आणि दोघंही ती पटकन मागे घेत नसत. 'सर'चं 'श्रीरंग' कधी झालं, रंजनाला कळलंही नाही.

"खडा दिसतो तरी कसा?" तिने एकदा विचारलं.

"पित्त पांढरं, खडा काळा. हवेचा बुडबुडाही काळाच, म्हणून डोकं शांत लागतं."

"मग माझ्याकडे काय बघता? फिल्म बघा."

जानेवारीत तिच्या वडिलांचे, भाईदासदादांचे डोळे पिवळे झाले. खानदेशातून येऊन आयुष्यभर लूम चालवलेला माणूस, पण नळीचं नाव काढताच हात जोडायचा. "नळी नको वं बेटी. मी बरा शे आते."

कावीळ उतरतही होती. दोन्ही तपासण्या झाल्या. पांढऱ्या पाकिटात घालायचा कागद रंजनाने वाचला, 'नलिका साफ', आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती तशीच धावत श्रीरंगच्या खोलीत गेली. तो फिल्मवर वाकलेला होता.

"सोनोग्राफी साफ आहे! आता दादांना नळी नको ना?"

त्याने पुन्हा एकदा फिल्मकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघून हसला. "नको."

आठव्या दिवशी भाईदासांना हुडहुडी भरून ताप आला. घाईघाईने नळी घातली. खडा निघाला, नलिकेच्या अगदी खालच्या टोकातून. पण विष रक्तात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरावं आटोपून रंजना कामावर आली. तुलनेसाठी पाकिटं उघडायचं कामही तिचंच. वडिलांच्या निळ्या पाकिटातल्या कागदावर लिहिलं होतं, 'खालच्या टोकाला पाच मिलिमीटरचा खडा'. त्यावर रेघ मारलेली. खाली त्याच अक्षरात, 'हवेचा बुडबुडा. नलिका साफ.'

ती कागद घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला दिसला होता," श्रीरंग म्हणाला. "तू सांगितलंस, आणि वाटलं, माझंच चुकतंय. तू इतकी आनंदात होतीस, रंजना... मला चुकायचंच होतं. होळीनंतर मी दादांकडे तुला मागायला येणार होतो."

"ठाऊक होतं मला. म्हणून तर तुमच्याकडे धावत आले." तिने कागद त्याच्या टेबलावर ठेवला. "साऱ्या गावाच्या बापांसाठी नियम पाळला मी. मोडला तो माझ्याच बापासाठी."

त्याने हात पुढे केला. तो हात धरावा असं तिला फार वाटलं. प्रेम काही आटलं नव्हतं, तेच तर सोसवत नव्हतं. तिने त्या हातात नवं निळं पाकीट ठेवलं.

"पुढचा पेशंट थांबलाय, सर."

त्याने पाकीट घेतलं. पांढऱ्याचं काहीच विचारलं नाही.