ओड्वारचा ओढा

दगड चावण्यावरून आमचं रोज वाजायचं.

"तुरीद, तू जेवतेस तशीच दगड खातेस, घाईघाईनं," ओड्वार म्हणायचा.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या कड्यांवर आम्ही दोघांनी कितीतरी उन्हाळे काढले. कोण्या जुन्या समुद्राच्या तळाशी साचून दगड झालेले थर ओळखायचे, वेगळे करायचे, त्यांना नावं द्यायची, हे आमचं काम. दाताखाली कचकच लागली तर बारीक वाळू, लोण्यासारखं लागलं तर चिखल. या शास्त्रापायी ओड्वारनं समोरचा एक दात घालवला होता, आणि ती फट दाखवत तो ऐटीत हसायचा.

हा त्याचा शेवटचा उन्हाळा, पुढे निवृत्ती. एक राखाडी थर तेवढा बिननावाचा उरला होता. त्याला आपलं नाव लागावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

पण नियम आडवा आला. थराला जवळच्या जागेचंच नाव लागतं. जवळ होता एक ओढा, त्यालाही नाव नव्हतं. आणि ओढ्याला माणसाचं नाव द्यायचं, तर तो माणूस मेलेला हवा.

"मी अर्ज ठोकलाय," ओड्वार म्हणाला. "ओड्वारचा ओढा!"

"अरे, पण तू जिवंत आहेस!"

"किरकोळ अडचण आहे."

एका सकाळी तंबूत फोन वाजला. नावं मंजूर करणाऱ्या समितीतली गुद्रुन होती, आवाज रडवेला. "तुरीद, ओढ्याचं नाव मंजूर झालं. फार वाईट वाटलं गं. शेवटी त्रास नाही ना झाला त्याला?"

"अगं बाई, तो इथं बसून माझं चीज संपवतोय!"

ओड्वारनं फोन हिसकावला. "गुद्रुन, मी ठणठणीत आहे!"

"तुरीद? बोल ना गं," पलीकडून गुद्रुन म्हणाली. "तिकडं वारा फार सुटलाय वाटतं."

तंबूचं कापडसुद्धा हलत नव्हतं.

"सरकारी कारभार!" ओड्वार खुशीत म्हणाला. "मारलं तर मारलं, नाव तर दिलं!" मग त्यानं पावावरचं तपकिरी चीज बाजूला सारलं. "याला आज चवच नाही."

मी हसले खरी, पण कड्याकडे जाताना त्याला पुढंच चालायला लावलं. अस्वलासाठीची बंदूक माझ्या खांद्यावर होती, पण नजर सगळी त्याच्या पाठीवर. हा गेला तर मी भांडू कुणाशी?

थराचा तुकडा फोडून त्यानं तोंडात टाकला. "लोणी!"

उरलेला मी चावला. कचकच. दात शिवशिवले. "डोंबलाचं लोणी! नुसती वाळू आहे."

"असेल बाई. मला काहीच लागत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं भांडण सोडून दिलं होतं. आता मात्र मी घाबरले. त्याच भीतीनं थरावर हातोडा हाणला.

एक जाड पाटी सुटून पडली आणि मधोमध उघडली.

आत चाव्याची खूण होती. वरच्या दातांची ओळ, समोर एक फट.

दातांच्या खळग्यांत चिमुकले शिंपले दगड होऊन बसले होते. मी नखानं खरवडले. निघाले नाहीत. खूण थराइतकीच जुनी होती.

"ओड्वार, हे बघ."

तो वाकला. फटीतून जीभ फिरवत बराच वेळ बघत राहिला.

"सांगत होतो ना तुला," तो म्हणाला. "चावलं तेव्हा अगदी मऊ होतं."